बसतं, पण चालतं का?

आमच्या जवळा बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला महिन्यातून दोन-चार वेळा तरी एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "सर, मदरबोर्ड गेला. नवा टाकायचा आहे. पण जुनं ग्राफिक्स कार्ड चांगलं आहे. ते नव्यावर बसंल का?" विचारणारा कधी फोटो स्टुडिओवाला असतो, कधी लग्नाच्या शूटिंगचं मिक्सिंग करणारा, कधी फ्लेक्सचं डिझाइन करणारा, तर कधी गेमच्या नादाला लागलेला कॉलेजातला मुलगा.

प्रश्न साधा आहे आणि पुष्कळदा त्याचं उत्तर "बसेल" असंच असतं. पण बसणं आणि चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मी पुस्तकातून शिकलो नाही. दुसऱ्याच्या पैशांवर शिकलो. त्याची रुखरुख अजून आहे, आणि म्हणूनच आज हा विषय घेऊन आपल्यापुढे आलो आहे.

ज्यांना आमचं गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जवळा बाजार हे हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. नावातच बाजार आहे, आणि शेतमालापासून कापडचोपडापर्यंत सगळं इथं मिळतं. पण ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं की नांदेड नाही तर परभणी गाठावी लागते. चुकीची वस्तू आणली तर ती परत करायला पुन्हा एसटी, पुन्हा एक दिवस आणि पुन्हा दुकानदाराची मनधरणी. पुण्या-मुंबईच्या माणसाला ही चूक तासाभराची असेल, आमच्याकडं ती दिवसाच्या मजुरीची असते.

गोष्ट २०२१ सालची. पावसाळ्यात एका रात्री वीज पडली आणि आमच्या एका छायाचित्रकार मित्राचा कॉम्प्युटर बंद पडला. मदरबोर्ड गेला, एसएमपीएस गेला. ग्राफिक्स कार्ड मात्र वरून धडधाकट दिसत होतं. दहा वर्षांपूर्वीचं, पण त्या काळी चांगल्यापैकी महाग घेतलेलं जीटीएक्स ५६०. करोनामुळं दोन हंगाम लग्नं झाली नव्हती, झाली ती चार माणसांत. तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा काम मिळेल अशी आशा होती. म्हणून त्यानं नवा बोर्ड, नवा प्रोसेसर, नवी रॅम आणि नवा एसएमपीएस घेतला आणि म्हणाला, "सर, कार्ड जुनंच लावा. तेवढे पैसे वाचतील."

मी कार्ड लावलं. अगदी खटकन बसलं. पंखा फिरला, दिवे लागले, पण पडद्यावर काही येईना. कार्ड काढलं, त्याच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या, पुन्हा लावलं. तरी काळोख. मदरबोर्डवर व्हीजीए असं लिहिलेला एक बारीक दिवा असतो, तो लागून राहिला. त्याचा अर्थ, चित्र दाखवणाऱ्या भागात गडबड आहे. मी म्हणालो, "भाऊ, विजेनं कार्डही गेलं." तो काही बोलला नाही. घरी गेला आणि मुलीच्या तंत्रनिकेतनच्या प्रवेशासाठी ठेवलेल्या पैशांतून नांदेडहून नवं कार्ड घेऊन आला. त्या वर्षी जगभर चिपांची टंचाई होती, त्यात आभासी चलन मिळवण्यासाठी लोक कार्डांचे ढीग विकत घेत होते. अनेक कार्डं मूळ किमतीच्या दुपटीच्या आसपास विकली जात होती. जुनं कार्ड त्यानं पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकलं.

ही गोष्ट इथंच थांबवतो. शेवटाकडं पुन्हा येऊ. मधल्या वेळात, मी त्या दिवशी काय काय पाहायला हवं होतं ते क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट स्लॉटची, म्हणजे कार्ड ज्या खाचेत बसतं तिची. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या भागांना जोडणारी मोठी पाटी. तिच्यावर कार्डासाठी लांबट खाच असते. ती काळाप्रमाणं बदलत गेली. १९८० च्या दशकात आयएसए नावाची खाच होती, १९९० च्या दशकात पीसीआय आली. १९९७ पासून खास ग्राफिक्स कार्डासाठी एजीपी आली आणि २००४ पासून बाजारात पीसीआय एक्स्प्रेस आली. आज नव्या बोर्डावर दिसते ती हीच. तिची सर्वांत लांब खाच साधारण नऊ सेंटिमीटरची असते, आणि तिला सोळा लेनची खाच म्हणतात. लेन म्हणजे माहिती ये-जा करण्याच्या वाटा.

तेव्हा तुमचं कार्ड एजीपीचं असेल तर विषय तिथंच संपला. ते नव्या बोर्डावर बसतच नाही आणि बसवायचा प्रयत्नही करू नये. एजीपीच्या काळातही एक मेख होती. सुरुवातीची एजीपी कार्डं ३.३ व्होल्टवर चालत, नंतरची १.५ व्होल्टवर. चुकीचं कार्ड बसू नये म्हणून खाचेत आडकाठी ठेवलेली असे. पण काही कार्डांना ती कापही चुकीची दिलेली होती. अशी कार्डं नव्या बोर्डात बसत आणि बोर्डच जाळत. म्हणजे "बसतं म्हणून चालतं" ही समजूत तेव्हापासूनच महाग पडत आली आहे.

इथं आपल्याच महाराष्ट्रातलं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. परम महासंगणकामुळं ती सगळ्यांना माहीत आहे. पण सरकारी कार्यालयांत तिची ओळख आणखी एका वस्तूनं झाली, ती म्हणजे जिस्ट कार्ड. या तंत्राचं मूळ काम कानपूरच्या आयआयटीत झालं होतं. त्या काळी कॉम्प्युटरला फक्त इंग्रजी यायचं. हे कार्ड आतल्या खाचेत बसवलं की डॉसवर चालणाऱ्या वर्डस्टार, डीबेससारख्या इंग्रजी प्रोग्रामांतसुद्धा पडद्यावर देवनागरी अक्षरं उमटत. मराठी माणसाला कॉम्प्युटरवर मराठी दाखवणारं ते कार्डच होतं म्हणा ना. पुढं विंडोज आलं, देवनागरी अक्षरं थेट सॉफ्टवेअरमधून दिसू लागली, युनिकोड रुळलं. नव्या बोर्डांवरून जुनी आयएसए खाचही नाहीशी झाली. कार्डात काही बिघाड झाला नव्हता. त्याला बसायला जागा राहिली नाही आणि त्याची गरजही राहिली नाही. जुनं कार्ड हातात घेताना हे दोन्ही प्रश्न विचारावेत. जागा आहे का? आणि गरज आहे का?

आता पीसीआय एक्स्प्रेसकडं वळू. हिच्या पिढ्या आहेत. पहिली २००३ ची, दुसरी २००७ ची, तिसरी २०१० ची, चौथी २०१७ ची, पाचवी २०१९ ची. प्रत्येक पिढीत वेग साधारण दुप्पट होत गेला. सोळा लेनच्या खाचेतून पहिल्या पिढीत एका दिशेनं सेकंदाला ४ गिगाबाइट माहिती जायची, तिसऱ्या पिढीत जवळजवळ १६, आणि पाचव्या पिढीत ६४ च्या आसपास. लोक इथंच घाबरतात. "माझं कार्ड दुसऱ्या पिढीचं आणि बोर्ड चौथ्या पिढीचा, मग कसं जमणार?" घाबरू नका. या पिढ्या एकमेकींना सांभाळून घेतात. कार्ड आणि बोर्ड दोघं मिळून ज्यात दोघांना जमतं तो वेग धरतात. मोठ्या हमरस्त्यावर बैलगाडी चालतेच की, फक्त ती आपल्या चालीनं चालते. जुनं कार्ड नव्या खाचेत घातल्यानं ते वेगवान होत नाही, आणि खराबही होत नाही.

एक गोष्ट मात्र पाहा. बऱ्याच बोर्डांवर लांब खाचा दोन असतात, पण दुसरीच्या आत डोकावलं तर पितळी टाचण्या थोड्याच भागात दिसतात. ती दिसायला सोळा लेनची आणि कामाला चारच लेनची असते. ग्राफिक्स कार्ड प्रोसेसरच्या जवळच्या, म्हणजे वरच्या खाचेतच लावावं.

दुसरी गोष्ट जागेची. ही इतकी साधी आहे की सगळे विसरतात. जुनी चांगली कार्डं जाडजूड असतात, दोन खाचांची जागा व्यापतात. नवे बोर्ड पुष्कळदा लहान आकाराचे असतात. मग कार्ड बसवल्यावर त्याच्याखाली शेजारची छोटी खाच झाकली जाते. त्या खाचेत वायफायचं किंवा साउंडचं कार्ड असेल तर ते जाणार कुठं? कधी हार्ड डिस्कची केबल लावायचं तोंडच कार्डाखाली दबतं. कॅबिनेटमध्ये पुढं हार्ड डिस्कचा पिंजरा असतो, लांब कार्ड त्याला जाऊन अडतं. तेव्हा घरातली टेप किंवा शाळेतली पट्टी घ्या, कार्डाची लांबी मोजा आणि कॅबिनेटमधली मोकळी जागा मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी गोष्ट विजेची. पीसीआय एक्स्प्रेसच्या खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून जास्त लागत असेल तर कार्डाच्या अंगावर वेगळं तोंड असतं. सहा टाचण्यांच्या तोंडातून आणखी ७५ वॅट, आठ टाचण्यांच्या तोंडातून १५० वॅट. माझ्या मित्राच्या कार्डाला सहा-सहाची दोन तोंडं होती, कारण त्याची कमाल भूक दीडशे वॅटची. ही तोंडं मोकळी ठेवून कार्ड नीट चालत नाही. पुष्कळ वेळा "कार्ड खराब आहे" असं म्हणून आलेल्या माणसाची फक्त ही वायर लावायची राहिलेली असते.

एसएमपीएस स्वस्तातला असला की त्यावर लिहिलेल्या आकड्यावर फार भिस्त ठेवू नये. बाजूच्या लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर दिलेत ते पाहावं. अँपिअरला बारानं गुणलं की कार्ड आणि प्रोसेसर यांच्या वाट्याला येणारे वॅट कळतात. दुसरं म्हणजे, जुन्या हार्ड डिस्कच्या वायरीला कन्व्हर्टर जोडून कार्डाला वीज देण्याचा जुगाड आपल्याकडं सर्रास चालतो. भुकेल्या कार्डाला तो करू नये. त्या बारीक वायरी तापतात आणि तोंड वितळतं. तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. एसएमपीएसमधून प्रोसेसरसाठी निघणारं आठ टाचण्यांचं तोंड आणि कार्डासाठी निघणारं आठ टाचण्यांचं तोंड दिसायला भावाभावांसारखी असतात, पण आतल्या वायरींची जागा उलटी असते. जोर लावून एकाच्या जागी दुसरं घातलं तर शॉर्ट होतो. जे सहज जात नाही ते रेटू नका. हा नियम कॉम्प्युटरला आहे तसाच संसारालाही आहे.

चौथी गोष्ट बोर्डाच्या आतल्या प्रोग्रामची. मी नेमका इथं चुकलो.

कॉम्प्युटर सुरू केला की विंडोजच्या आधी बोर्डावरचा एक छोटा प्रोग्राम जागा होतो. पूर्वी त्याला बायोस म्हणत, आता त्याची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीनं घेतली आहे, पण बोलताना आपण अजून बायोसच म्हणतो. हा प्रोग्राम जागा झाला की तो कार्डाला विचारतो, "बाबा, पडद्यावर चित्र कसं दाखवायचं ते सांग." कार्डाच्या आतही एक छोटा प्रोग्राम असतो, तो उत्तर देतो. अडचण अशी की साधारण २०१२ च्या आधीच्या बहुतेक कार्डांना जुन्या बायोसचीच भाषा येते. यूईएफआयची भाषा त्यांना शिकवलेलीच नाही. जुन्या बोर्डांत दोन्ही भाषा जाणणारा एक दुभाष्या असायचा. त्याला सीएसएम म्हणतात. नव्या बोर्डांत हा दुभाष्या बहुधा बंद करून ठेवलेला असतो, आणि काही बोर्डांत तो आता नसतोच.

मग काय होतं? कार्ड चांगलं, बोर्ड चांगला, वीज बरोबर, खाच बरोबर, पण दोघांची बोलीच जुळत नाही. पडदा काळा राहतो. व्हीजीएचा दिवा लागतो. आणि माझ्यासारखा माणूस "कार्ड गेलं" म्हणून मोकळा होतो.

यात आणखी एक पेच आहे. दुभाष्या चालू करायचा तर बायोसच्या सेटिंगमध्ये जावं लागतं. तिथं जायला पडद्यावर चित्र दिसायला हवं. आणि चित्र तर दुभाष्याशिवाय येत नाही! प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असेल तर सुटका होते. केबल थेट मदरबोर्डच्या तोंडाला लावायची आणि सेटिंग पाहायचं. पण इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ अक्षर असतं त्यांत ही सोय नसते. एएमडीच्या रायझनमध्ये २०२२ च्या ७००० मालिकेआधी, नावात जी असलेले प्रोसेसर सोडले तर, डेस्कटॉपवर ही सोय नव्हती. माझ्या मित्राचा प्रोसेसर एफचा होता. दुकानदारानं तो स्वस्त पडतो म्हणून दिला होता आणि ते खोटंही नव्हतं. कार्ड आहे म्हटल्यावर आतल्या ग्राफिक्सला पैसे कशाला द्यायचे, असा साधा हिशोब. पण जुनं कार्ड वापरायचं असेल तर हाच हिशोब उलटतो. म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो, जुन्या कार्डावर भिस्त असेल तर आतलं ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घ्या. कार्ड नाही चाललं तरी दुकान बंद पडत नाही.

पाचवी गोष्ट ड्रायव्हरची आणि विंडोजची. कार्ड विंडोजमध्ये काम करतं ते ड्रायव्हर नावाच्या प्रोग्राममुळं, आणि तो कार्ड बनवणारी कंपनी देते. कंपनी जुन्या कार्डासाठी नवे ड्रायव्हर काढणं कधी ना कधी बंद करते. एनव्हिडियानं ६०० मालिकेतल्या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी नवे ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबवले. ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांना ऑक्टोबर २०२५ मध्ये शेवटचा नेहमीचा ड्रायव्हर मिळाला, यापुढं ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळायच्या आहेत. ड्रायव्हर थांबला म्हणजे कार्ड त्याच दिवशी बंद पडतं असं नाही. पण व्हिडिओ मिक्सिंगचं नवं सॉफ्टवेअर टाकलं की ते "तुमचा ड्रायव्हर जुना आहे" म्हणून हटून बसतं.

विंडोज १० ची मोफत साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ च्या अटींत डायरेक्टएक्स १२ आणि डब्ल्यूडीडीएम २.० या प्रकारचा ड्रायव्हर लागतो. शिवाय सिक्युअर बूट नावाची सुरक्षेची सोय बोर्डावर असावी लागते. आणि सिक्युअर बूट व आपला दुभाष्या सीएसएम हे दोघं एका घरात नांदत नाहीत. एक चालू केला की दुसरा बंद ठेवावा लागतो. तेव्हा २०२१ मध्ये जी युक्ती बिनधास्त चालली असती, तिच्यासाठी आज सुरक्षेचा एक दरवाजा उघडा ठेवावा लागतो. बँकेचे व्यवहार त्याच कॉम्प्युटरवर होत असतील तर याचा विचार करावा.

सहावी आणि शेवटची गोष्ट मॉनिटरच्या केबलची. जुन्या कार्डाला व्हीजीए किंवा डीव्हीआयचं तोंड असतं, नव्या मॉनिटरला एचडीएमआय आणि डिस्प्ले पोर्ट. कार्डावर जे तोंड आहे ते मॉनिटरला आहे का हे आधीच पाहून ठेवा. डीव्हीआयला एचडीएमआयची साधी केबल जोडता येते. पण व्हीजीएमधून एचडीएमआय काढायचं तर साधी केबल पुरत नाही, विजेवर चालणारा कन्व्हर्टर लागतो. आणि एक हमखास होणारी चूक सांगतो. कार्ड लावल्यावर केबल कार्डाच्या तोंडालाच लावा. सवयीनं ती मदरबोर्डला लावून "डिस्प्ले येत नाही" म्हणणारे मी डझनानं पाहिलेत.

श्रोतेहो, आता तुम्ही म्हणाल, हे सगळं सामान्य माणसानं तपासायचं कसं? एक सोपी वाट आहे. जुना कॉम्प्युटर चालू असतानाच ही चौकशी करा, उघडून ठेवल्यावर नको. जीपीयू-झेड नावाचा छोटा मोफत प्रोग्राम आहे. तो सुरू केला की कार्डाचं नेमकं नाव, ते पीसीआय एक्स्प्रेसच्या कोणत्या पिढीचं, किती लेनचं, हे दिसतं. त्यातच यूईएफआय असा एक छोटा चौकोन असतो. तिथं बरोबरची खूण असेल तर कार्डाला नवी भाषा येते असं समजा. खूण नसेल तर नवा बोर्ड घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "या बोर्डात सीएसएम आहे का?" दुकानदाराला सांगता आलं नाही तर बोर्डाचं नाव लिहून घ्या आणि कंपनीचं माहितीपुस्तक पाहा. कॉम्प्युटर बंदच पडला असेल तर कार्डाच्या पाठीवरचं लेबल वाचा, त्यावर मॉडेल नंबर असतो. त्यावरून बाकीचं कळतं.

आणि कार्ड गेलं असं म्हणण्याआधी ते दुसऱ्या एखाद्या जुन्या, चालू कॉम्प्युटरमध्ये घालून पाहा. एवढं एक केलं तरी निम्मे वाद मिटतात.

आता ती राहिलेली गोष्ट. पुढच्या वर्षी, म्हणजे २०२२ च्या उन्हाळ्यात, एक विद्यार्थी तसंच जुनं कार्ड घेऊन माझ्याकडं आला. म्हणाला, "सर, हे घरच्या जुन्या पीसीत चालतं, नव्यात चालत नाही." त्याच्या या एका वाक्यानं माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. जुन्यात चालतं म्हणजे कार्ड मेलेलं नाही. मी त्याच्या बोर्डाचं माहितीपुस्तक काढून वाचलं. त्यात सीएसएमचं पान सापडलं. दुसरं, नवं कार्ड लावून सेटिंगमध्ये गेलो, सिक्युअर बूट बंद केला, सीएसएम चालू केला, मशीन बंद करून जुनं कार्ड लावलं. पडदा उजळला. मुलगा खूश झाला. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

संध्याकाळी मी मित्राच्या स्टुडिओत गेलो. "ते जुनं कार्ड टाकलंस का?" म्हणून विचारलं. त्यानं माळ्यावरून पिशवी काढून दिली. माझ्या क्लासमध्ये जुने कॉम्प्युटर होतेच. त्यातल्या एकात नवा एसएमपीएस जोडला आणि कार्ड लावलं. दुसऱ्या सेकंदाला डिस्प्ले आला. त्या कार्डाला विजेनं हातसुद्धा लावला नव्हता. वर्षभरापूर्वी हीच तपासणी मी केली असती तर पाच मिनिटं लागली असती. मी केली नाही, कारण मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं.

खरं सांगायचं की गप्प बसायचं, हा विचार मनात आला नाही असं नाही. त्याला तर काहीच कळलं नसतं. पण मी सांगितलं. "भाऊ, चूक माझी होती. कार्ड चांगलं आहे. तुझे पैसे उगीच गेले." तो बराच वेळ कार्डाकडं पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, नवं कार्ड काही वाया गेलं नाही, लग्नाचं काम त्याच्यावरच निघालं. पण त्या दिवशी तुम्ही 'बघून सांगतो' म्हणला असता, तर मी दोन दिवस थांबलो असतो ना."

हे त्याचं वाक्य मी विसरलेलो नाही. तो रागावला नाही, हेच जास्त लागलं. मुलीचा प्रवेश त्यानं उसनवारी करून घेतला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

ते जुनं कार्ड आम्ही त्याच्या मुलीच्या सेकंडहँड कॉम्प्युटरमध्ये बसवलं. बोर्ड जुना, विंडोज जुनं, कार्ड जुनं, तिघांची बोली एक. तिनं त्यावर चित्रं काढायचं आणि आराखडे करायचं शिकून घेतलं. मजुरी अर्थातच घेतली नाही.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवं. प्रत्येक जुनं कार्ड वाचवण्याच्या लायकीचं नसतं. तुमचं काम टायपिंग, सेवा केंद्राचे अर्ज, हिशोब आणि व्हिडिओ पाहणं एवढंच असेल तर नव्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स पुरेसं आहे. जुनं कार्ड लावून फक्त उष्णता आणि वीजबिल वाढतं. दीडशे वॅटचं कार्ड रोज आठ तास पूर्ण ताणानं चाललं तर दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास वीज खातं. मिक्सिंग, फोटोचं जड काम, गेम यासाठी कार्ड लागतं. तिथं सात-आठ वर्षांपर्यंतचं, यूईएफआय जाणणारं आणि ड्रायव्हर मिळणारं कार्ड असेल तर ते खुशाल नव्या बोर्डावर न्या. त्याहून जुनं असेल तर आधी तपासा आणि मग ठरवा.

खाच, जागा, वीज, बोली, ड्रायव्हर, केबल. हे सहा शब्द कागदावर लिहून कॅबिनेटला चिकटवून ठेवलेत तरी चालेल. आणि दुरुस्ती करणारा कुणी घाईनं "गेलं" म्हणाला, तर त्याला एवढंच म्हणा, "दुसऱ्यात लावून दाखवा." माझ्याकडं आलात तर मलाही म्हणा. मी आता आधी लावून दाखवतो आणि मगच बोलतो.